कठीण दिवसांत लिहितं राहणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं आम्ही आठ-दहा लिहिणारी माणसं महिन्यातून एकदा एकत्र बसतो. एकमेकांचे खर्डे वाचतो, वाद घालतो, कधीकधी नुसतेच बसतो. एवढ्या काळात जवळजवळ प्रत्येकाच्या घरात काही ना काही होऊन गेलं : आजारपण, नोकरी जाणं, घटस्फोट, मूल होणं (हो, हेसुद्धा), कुणाचं तरी जाणं. अशा वेळी लिहिणाऱ्याला पडणारे प्रश्न फारसे बदलत नाहीत असं माझ्या लक्षात आलं. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, गटाची नाहीत. गटातल्या दोघांना तर यातली काही अजिबात पटत नाहीत.

घरात एवढं चाललेलं असताना लिहीत बसणं हा स्वार्थ नाही का?

तुम्ही लिहायला बसल्यामुळे कुणाचं काही अडतं का, ते आधी बघा. औषधाची वेळ टाळून कविता लिहीत बसलेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. तीच दहा मिनिटं मोबाइलवर बोट फिरवण्यात गेली तर त्याला कुणी स्वार्थ म्हणत नाही, हेही खरंच.

पण प्रश्न अगदीच पोकळ नाही. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसून वहीत लिहायचे. एकदा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू वही उघडलीस की तू इथे नसतेस." मला राग आला. दोन दिवसांनी कळलं की त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून अण्णा जागे असताना वही पिशवीत ठेवायची आणि ते झोपले की बाहेरच्या बाकावर जाऊन काढायची, एवढा एकच नियम केला. त्याने माझं लिहिणं कमी झालं नाही. उलट खोलीत असताना मी जास्त बघायला लागले.

'सराव चालू ठेवा' असं सगळे सांगतात. नेमकं काय चालू ठेवायचं?

लिहिणं हे एक काम आहे असं आपण धरून चालतो आणि ते जमेनासं झालं की सगळंच सुटलं असं वाटतं. मला ती तीन वेगळी कामं दिसतात : बघणं, टिपणं आणि घडवणं.

बघणं म्हणजे समोरच्या माणसाने वाक्य अर्धवट का सोडलं इकडे कान असणं. टिपणं म्हणजे ते दोन ओळींत कुठेतरी उतरवणं. घडवणं म्हणजे त्या ओळीपासून कथा, कविता, प्रकरण उभं करणं, पाडणं, पुन्हा उभं करणं. घडवायला सलग वेळ लागतो, स्वस्थ डोकं लागतं आणि स्वतःच्या मजकुराशी निर्दयपणे वागायची ताकद लागते. संकटात या तिन्ही गोष्टी पहिल्या झटक्यात जातात. बघणं मात्र जात नाही. अनेकदा ते नको इतकं धारदार होतं : पायऱ्यांचे आवाज ओळखू यायला लागतात, डॉक्टर कागद खाली ठेवतात त्यावरून बातमी कळते.

तेव्हा माझं म्हणणं असं की घडवणं खुशाल सोडून द्या. उघडपणे, तारीख घालून सोडा. बघणं आपोआप चालूच असतं. सांभाळायचं आहे ते मधलं काम, टिपणं. ते दोन मिनिटांत होतं, उभ्याने होतं, रडत असतानाही होतं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून इथे जरा लांबण लावली.

मग रोज किती लिहायचं?

दोन ओळी. दिवस फारच वाईट असेल तर एक.

हे हास्यास्पद वाटतं आणि वाटायलाच हवं. चांगल्या दिवसांत ठरवलेलं माप, रोज पाचशे शब्द किंवा रोज एक पान, संकटात तसंच ठेवलं तर ते मापच रोज संध्याकाळी तुम्हाला नापास करायला लागतं. आठवडाभर नापास झालेला माणूस वहीकडे बघायचंही टाळतो. एका ओळीत कुणी नापास होत नाही. कधी एकीच्या दहा होतात, त्या होऊ द्याव्यात. पण म्हणून दुसऱ्या दिवसाचं माप दहा करू नये. ही चूक आमच्या गटात सगळ्यांनी एकदा तरी केलेली आहे.

खंड पडला. तीन आठवडे वही उघडलेली नाही. सवय मोडली का?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी आपापली एक साधी सवय निवडली आणि १२ आठवडे ती लावून घ्यायचा प्रयत्न केला. कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक प्रचंड वेगळा निघाला, साधारण १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मधोमध ६६ दिवस. एकवीस दिवसांत सवय लागते हे आपण जे ऐकत आलो त्याला या आकड्यांत कुठे आधार नाही. पण माझ्या कामाची गोष्ट दुसरीच होती : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही.

त्या लोकांनी निवडलेल्या सवयी पाणी पिणं, चालायला जाणं अशा होत्या. लिहिणं त्याहून अवघड, आणि तीन आठवडे म्हणजे एक दिवसही नव्हे. तेव्हा मी याचा दाखला एवढ्यापुरताच देते की 'कालचा दिवस गेला, आता सगळंच गेलं' हा हिशोब चुकीचा आहे. खंड पडल्यावर राहिलेले दिवस भरून काढायला बसू नका. वहीत रेघ मारा, आजची तारीख घाला आणि एक ओळ लिहा. माझ्या वहीत अशा अकरा रेघा आहेत. सगळ्यात लांब खंड सदतीस दिवसांचा.

थोर माणसांनी तुरुंगात ग्रंथ लिहिले. मला घरात बसून चार ओळी का जमत नाहीत?

हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा स्वतःलाच चाबूक मारत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिळकांनी 'गीतारहस्या'चा खर्डा १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात काही महिन्यांत पेन्सिलीने लिहून काढला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली. त्यांचे हाल कमी लेखायचे नाहीत. पण तुरुंगाने त्यांच्याकडून जवळजवळ सगळं काढून घेतलं तरी एक गोष्ट दिली, ती म्हणजे सलग वेळ. दर वीस मिनिटांनी तिथे कुणी हाक मारत नव्हतं, कुणाची कुशी बदलायची नव्हती, विम्याच्या कागदासाठी फोन धरून बसायचं नव्हतं. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला किंवा तान्हं मूल सांभाळणाऱ्याला एकूण वेळ कदाचित तेवढाच मिळत असेल, पण तो चुरा होऊन मिळतो. आणि चुऱ्यातून ग्रंथ होत नाही.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टखात्यात नोकरी करून पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून पाव तासाला अडीचशे शब्द पाडायचा, हेही आपल्याला कुणी तरी ऐकवतंच. त्याला रोज उठवायला आणि कॉफी आणून द्यायला घरात पगारी माणूस होता, हे ऐकवायचं तेवढं राहून जातं.

चुऱ्यातून काय होतं, याचं माझ्यापुरतं उत्तर बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही, तरुणपणी वैधव्य, दिवसभर घरचं आणि शेताचं काम. हात कामात आणि ओळी तोंडात. त्या पाठ राहतील अशाच बांधलेल्या होत्या, कारण लिहून ठेवायची सोयच नव्हती. मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातेवाइकाने त्या उतरवून घेतल्या. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. त्यांच्यासारखं लिहा असं सांगण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण तुकड्यातुकड्याने मिळणाऱ्या वेळेला लहान आकार मानवतो, एवढं त्यावरून नक्की शिकता येतं. कादंबरी ठेवून द्या. चार ओळी धरा, आणि त्याही हात गुंतलेले असताना मनात फिरवून मग लिहा.

वेळ कुठून काढायचा?

काढायचा नाही. आधीच वाया जाणारा वेळ पकडायचा. रांगेत, बाकावर, मशीनमध्ये कपडे फिरत असताना, मूल झोपल्यावर त्याच्या मुठीत आपलं बोट अडकलेलं असताना (दुसरा हात मोकळा असतो). 'वेळ मिळेल तेव्हा' असं ठरवलं की तो मिळत नाही. 'रात्रीचं औषध दिलं की' असं ठरवलं की मिळतो, कारण औषध कुणी विसरत नाही. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटाला ती एक ओळ बांधून टाका.

टिपण म्हणजे नक्की कसं? रोजनिशीसारखं का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते. अण्णांना दवाखान्यात ठेवलं होतं त्या आठवड्यातलं :

'चष्मा पुसला. लावला नाही. परत डबीत.'

'शेजारच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा फोनवर : "नाही, अजून तसंच." सकाळपासून नऊ वेळा.'

'लिफ्टच्या आरशात सगळे एकमेकांना न बघता बघतात.'

'रात्री २. सलाइनचे थेंब मोजत होते. ४१ पर्यंत गेले. मग कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली आणि आकडा गेला.'

त्याच आठवड्यात मागच्या पानावर मी हेही लिहिलं आहे : 'आज मन फार उदास आहे. आयुष्य किती अनिश्चित असतं.' आज वाचताना या ओळीतून मला काहीही परत मिळत नाही. कुठल्याही दिवशी, कुणीही लिहिली असती. चष्म्याची ओळ वाचली की मात्र डबीचा टक्कन मिटण्याचा आवाज येतो, खिडकीतला उजेड येतो आणि उदासी तर सगळीच्या सगळी येते.

म्हणून टिपताना मी तीनच गोष्टी घेते : एखादी वस्तू, कुणाची तरी हालचाल किंवा कुणाच्या तोंडचे नेमके शब्द. अर्थ लावत नाही. विशेषणं आलीच तर राहू देते, तेवढा छळ स्वतःचा कशाला करा. तारीख आणि वेळ मात्र घालते. दोन वर्षांनी मला वाटत होतं की सगळं पावसाळ्यात घडलं. वहीतल्या तारखा फेब्रुवारीच्या निघाल्या.

मन मोकळं करायला रोजनिशी लिहीत असाल तर ती जरूर लिहा. तिचं काम वेगळं आहे.

जे दुःख चालू आहे त्याच्याबद्दलच लिहावं का? लिहिल्याने मन हलकं होतं म्हणतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साध्यासुध्या विषयांवर, काहींना आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक अनुभवावर. आपल्या घावाबद्दल भावनांसकट लिहिणारी मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. हा भाग सगळीकडे सांगितला जातो. लिहून झाल्याझाल्या त्या मुलांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, हा भाग बहुतेक वेळा गळतो. नंतर या धर्तीवर शेकड्याने प्रयोग झाले आणि एकूण परिणाम दिसला तो लहान, शिवाय सगळीकडे सारखा नाही.

माझा अनुभव याला धरूनच आहे. ताज्या घावाबद्दल लिहिलं की रात्रीची झोप जाते, आणि आजारपणात झोप ही चैनीची गोष्ट नसते. त्यामुळे मी दोन गोष्टी पाळते. लिहून झाल्यावर लगेच करायला काहीतरी हाताचं काम ठेवते आणि रात्री उशिरा लिहीत नाही. पंधरा मिनिटांनंतर तेच वाक्य तिसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत लिहितेय असं दिसलं तर वही मिटते. ते लिहिणं उरलेलं नसतं, चरकातून पुन्हा तोच चोथा काढणं असतं.

आणि दुःखाबद्दल लिहिलंच पाहिजे असंही नाही. आमच्यातल्या एकाने घटस्फोटाच्या खटल्याच्या दोन वर्षांत फक्त बोलणाऱ्या कावळ्यांच्या गोष्टी लिहिल्या. त्या विनोदी आहेत. तो म्हणतो, कोर्टात दिवसभर माझ्याबद्दलच बोलत होते, घरी येऊन मी तरी कशाला बोलू?

अर्धी झालेली कादंबरी पडून आहे. तिचं काय करू?

नीट बांधून ठेवा. मी ठेवली नाही, त्याची शिक्षा भोगली.

अण्णा आजारी पडले तेव्हा माझी एकशे तीस पानं झाली होती. 'दोन आठवड्यांत परत येतेच' असं म्हणून फाइल तशीच सोडली. परतले चौदा महिन्यांनी. शेवटच्या पानाच्या समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'इथे सुनंदाचं ते.' सुनंदा कोण ते आठवलं. 'ते' काय, हे आजतागायत आठवलेलं नाही. भावाला विचारलं, त्या वेळी वाचणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. बहुतेक काहीतरी फार चांगलं असणार.

तेव्हा बाजूला ठेवण्यापूर्वी एक तास काढा आणि स्वतःला पत्र लिहा, अनोळखी माणसाला लिहावं तसं. कोण कुठे उभं आहे, कुणाला काय माहीत आहे आणि कुणापासून काय लपलेलं आहे. पुढचा प्रसंग ठाऊक असेल तर तो मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, पण पूर्ण. काय फसलंय असं आत्ता वाटतंय. कुठली गोष्ट कशी वापरायची ठरलं होतं. संक्षेप करू नका, 'ते' लिहू नका. मग फाइलची प्रत दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ठेवा आणि तिच्याकडे वळून न बघण्याची स्वतःला परवानगी द्या. अर्धवट कामाचं ओझं असतं. 'हे मी अमुक तारखेला मुद्दाम थांबवलं' असं लिहिलं की ते बरंच उतरतं. माझं तरी उतरलं असतं.

संपादकांना मजकूर कबूल केला आहे. नाही कसं म्हणू?

लवकर आणि थोडक्यात. मी पाठवलेला मजकूर हा : 'नमस्कार, घरी गंभीर आजारपण असल्याने कबूल केलेली कथा ठरल्या तारखेला देता येणार नाही. नवी तारीख आत्ता सांगणं अवघड आहे, तेव्हा या खेपेला माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. पुन्हा लिहायला लागले की मी स्वतःहून कळवीन.' आजाराचं नाव, रिपोर्ट, माफीचे तीन परिच्छेद, काही नको. संपादकाला तुमच्या दुःखापेक्षा रिकाम्या पानांची काळजी असते आणि त्यात गैर काही नाही. आदल्या दिवशी कळवलेलं मात्र ते विसरत नाहीत.

वाचणंसुद्धा होत नाही. एक परिच्छेद चारदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही.

नवं वाचू नका. पूर्वी वाचलेलं, आवडलेलं, मधूनच कुठूनही उघडा. कविता, पत्रं, लहानपणीची पुस्तकं. ऐकायला जमत असेल तर ऐका. हे परत येतं.

कोरा कागद बघितला की काही सुचतच नाही.

मग कोरा कागद बघू नका. बिलाच्या मागे, पाकिटावर, औषधाच्या खोक्यावर लिहा. एमिली डिकिन्सनने कितीतरी ओळी वापरलेल्या पाकिटांच्या तुकड्यांवर लिहून ठेवल्या होत्या. तिची कारणं तिला ठाऊक, पण माझ्यासाठी पाकिटाचा फायदा उघड आहे : तिथे काही चांगलं लिहिलं जावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते, आपलीसुद्धा नाही.

तेही नाही जमलं तर दुसऱ्याच्या लिखाणातला आवडता उतारा हाताने उतरवून काढा. संगीतवाले याला कमीपणा मानत नाहीत, गुरूची तान तशीच घोटतात. आपणच उगीच अस्सलपणाच्या मागे लागलेलो असतो. उतरवताना स्वल्पविराम कुठे पडला इथपर्यंत हात शिकतो आणि डोक्याला काही करावं लागत नाही.

मी स्वतःच आजारी आहे. बसवत नाही, हात चालत नाही.

मग बोला. फोनमध्ये आवाज मुद्रित करून ठेवणं हे पूर्ण टिपण आहे, कागदावर नंतर उतरलं तर उतरलं. फोनला बोलून टाइप करायला सांगितलं तर तो मराठीचे विनोदी हाल करतो. माझ्या एका मित्राच्या 'दुखरी नस'चं त्याने दर वेळी 'दुखरी नर्स' केलं आणि मित्राने शेवटी त्याच नावाची कविता केली.

फ्रेंच संपादक ज्यां-डोमिनिक बोबी यांना १९९५ च्या डिसेंबरात पक्षाघात झाला आणि जवळजवळ सगळं शरीर गेलं. डावी पापणी तेवढी हलत होती. समोरची बाई अक्षरं म्हणायची, हव्या त्या अक्षराला ते पापणी मिटायचे. असं अक्षर अक्षर जोडून त्यांनी एक आख्खं पुस्तक सांगितलं. लोक हे जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं : ती समोर बसून अक्षरं म्हणणारी बाई. मदत मागा. कुणाला तरी दहा मिनिटं बसवा आणि म्हणा, मी सांगते ते लिहून घे, सुधारू नकोस.

लिहावंसं वाटत नाही. खरं तर काहीच करावंसं वाटत नाही. हा आळस आहे का?

फक्त लिहिण्याचाच कंटाळा असेल तर तो थकवा असू शकतो, झोप आणि सुट्टी मिळाल्यावर उतरतो. पण पूर्वी आवडणाऱ्या कुठल्याच गोष्टीत मन नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, आपण कवडीमोल आहोत असं सतत वाटतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, तर तो लिहिण्याचा प्रश्नच नाही. डॉक्टरांकडे जा, आणि जगणं नको असे विचार येत असतील तर आजच जवळच्या माणसाला सांगून त्याला बरोबर घेऊन जा. वही हे औषध नव्हे. दुःखातूनच मोठं साहित्य येतं, उपचार घेतले तर धार जाईल, हे मी लिहिणाऱ्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे. आमच्या गटातल्या ज्या दोघांनी उपचार घेतले ते दोघेही आज लिहितात. एक जण आधीपेक्षा वाईट लिहितो असं त्याचं स्वतःचं मत आहे. आमचं नाही.

ज्याच्यावर संकट आहे त्या माणसाबद्दल लिहिणं बरोबर आहे का?

टिपणं आणि छापणं हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते एकाच दिवशी घ्यायचे नसतात. टिपताना मी कुणाची परवानगी घेत नाही. छापताना घेते. घेता येण्यासारखी नसेल तर वर्षभर तरी थांबते.

शरीराचे तपशील हा माझ्यापुरता सगळ्यात अवघड भाग. आजारी माणसाचं शरीर सगळ्यांसमोर उघडं पडलेलं असतंच. ते आपण वाचकांसमोर पुन्हा उघडं करायचं का, हे ठरवताना मी एकच बघते : तो माणूस बरा होऊन हे वाचायला बसला तर कुठल्या ओळीवर पुस्तक मिटेल? ती ओळ काढते. कधीकधी तीच सगळ्यात चांगली ओळ असते.

अण्णांनी एकदा मला पकडलंच. "काय लिहितेस गं एवढं?" म्हटलं, "असंच." थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिही, पण मला जरा उंच कर." पाच फूट तीन इंच होते ते. मी जिथे जिथे त्यांना लिहिलंय तिथे ते दारातून वाकून आत येतात.

बाकीच्यांचं छापून येतंय आणि मी इथे अडकून पडलेय. हेवा वाटतो.

वाटणारच. त्यांच्या पोस्ट काही महिने दिसणार नाहीत अशी सोय फोनमध्ये असते, ती वापरा. नंतर अभिनंदन केलं तरी चालतं.

कुणाची सोबत असली तर फरक पडतो का?

पडतो, पण सोबत कशाची हे ठरवून घ्या. अशा दिवसांत मजकुरावर अभिप्राय देणारा मित्र उपयोगाचा नाही, तो कितीही प्रेमाने बोलला तरी. मी आणि एक मैत्रीण रोज रात्री एकमेकींना आपली एक ओळ पाठवायचो. उलट उत्तर द्यायचं नाही, 'छान'सुद्धा नाही, हा नियम. पहिल्या आठवड्यात तिने तीनदा मोडला. मग जमलं. तिच्याकडे माझ्या दोनशेहून जास्त ओळी आहेत आणि वही भिजली तेव्हा त्यातल्याच कामी आल्या.

संकट सरलं. आता पुन्हा सुरुवात कशी करू?

जुन्या कादंबरीपासून नको. तिथे पूर्वीचा, सरावलेला हात दिसतो आणि आजचा हात त्यापुढे लटपटतो. आधी फक्त टिपणं वाचा, पेन्सिल घेऊन. ज्या ओळीपाशी थांबावंसं वाटलं तिथे टिंब करा. निवडू नका, जुळवू नका. हे आठवडाभर. मग एका टिंबापासून एक पान लिहा. ते पान वाईट होणार. मोडलेला हात प्लास्टरमधून निघाल्यावर पेला धरताना थरथरतो तसंच हे, त्यावरून हाताची किंमत कुणी करत नाही. माझी पहिली आठ-नऊ पानं इतकी कृत्रिम होती की मी ती मुद्दाम ठेवली आहेत, गटातल्या नव्या लोकांना दाखवायला.

आणखी एक. संकट सरल्यावर लगेच लिहिता येईल असंही नाही. धावपळ थांबते तेव्हाच खरं अंग मोडून येतं. अण्णा गेल्यावर मी चार महिने खूप झोपले. वही चालू होती, दिवसाला एक ओळ. त्यातल्या कितीतरी ओळी नुसत्या हवामानाच्या आहेत.

आणि संकट सरणारच नसेल तर?

काही घरांत ते सरत नाही. मूल कायमचं अवलंबून असतं, आजार आयुष्यभराचा असतो. मग 'हे संपलं की लिहीन' हे वाक्य सोडावं लागतं, आणि ते सोडणं क्लेशाचं असतं, ते मी गोड करून सांगणार नाही. आमच्या गटातल्या एका आईने वीस वर्षांत एकही लांब गोष्ट लिहिलेली नाही. ती अर्ध्या पानाच्या गोष्टी लिहिते. आधी ती त्यांना 'तुकडे' म्हणायची. आता नुसतं 'गोष्टी' म्हणते. शिवाय आठवड्यातून एकदा तिची बहीण मुलाजवळ बसते आणि ही दोन तास घराबाहेर जाऊन लिहिते. ते दोन तास मागायला तिला अकरा वर्षं लागली. तुम्हाला एवढी लागू नयेत.

या टिपणांचं पुढे खरंच काही होतं का?

बहुतेकांचं नाही. अण्णांच्या त्या सात महिन्यांत माझ्या तीनशेच्या आसपास ओळी झाल्या. आजवर वापरल्या गेल्या चौदा. लिफ्टचा आरसा दोनदा वापरून पाहिला, दोन्हीकडे बसला नाही. 'नाही, अजून तसंच' म्हणणारा मुलगा एका कवितेत आहे. चष्म्याच्या ओळीला तीन वर्षं लागली. कथेत मी तो चष्मा अण्णांना दिला नाही, एका निवृत्त टायपिस्ट बाईंच्या हातात दिला. त्या तो पुसतात, थोडा वेळ धरून ठेवतात आणि मग लावतात.